रात्रीची वेणी : लांब केसांविषयी वाचकांचे प्रश्न

झोपताना लांब केस कसे सांभाळावेत, हे विचारणारी बरीच पत्रे गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आली आहेत. केसांना दिवसा काय लावावे, कशाने धुवावे, याविषयी सगळीकडे विपुल लिहिले जाते. पण रात्रीच्या सात-आठ तासांत केसांचे काय होते, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही, आणि लांब केसांची झीज तर पुष्कळदा याच तासांत होत असते. म्हणून या वेळचे सगळे सदर या एकाच विषयाला दिले आहे. पत्रे थोडक्यात दिली असून नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : ताई, माझे केस कमरेच्याही खाली येतात. लहानपणी आई रोज रात्री तेल लावून घट्ट वेणी घालून द्यायची आणि ती सवय आजही टिकून आहे. परंतु अलीकडे कानशिलांपाशी केस विरळ झाल्यासारखे दिसतात आणि टोकांना फाटेही फुटले आहेत. शाळेतली एक मैत्रीण सांगते, की रात्री केस मोकळे सोडावेत म्हणजे त्यांना हवा मिळते. तसे करून पाहिले, तर सकाळी गुंता काढता काढता शाळेची वेळ होते आणि कंगव्यात तुटलेल्या केसांचा पुंजका येतो. बांधून झोपावे की मोकळे सोडून? (शिक्षिका, सातारा)

उत्तर : बांधून झोपावे, मात्र ती वेणी दिवसाच्या वेणीसारखी नसावी. हे असे का, ते जरा सविस्तर सांगते, कारण कारण कळले की बाकीचे तपशील प्रत्येकीला आपापल्या सोयीने ठरवता येतात.

केसाचा जिवंत भाग फक्त टाळूच्या त्वचेच्या आत, मुळाशी असतो. बाहेर दिसणारा केस जिवंत नसतो, त्यामुळे त्याला हवेची गरज नसते आणि एकदा झालेली इजा त्याला स्वतः भरूनही काढता येत नाही. केस महिन्याला साधारणपणे एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतो. म्हणजे तुमच्या केसांची लांबी ऐंशी-पंच्याऐंशी सेंटीमीटर धरली, तर त्यांची टोके सहा-सात वर्षांपूर्वी टाळूतून बाहेर आलेली आहेत आणि इतकी वर्षे ऊन, धुणे, विंचरणे आणि उशीवरचे घासणे सोसत आली आहेत. केसाच्या पृष्ठभागावर अतिशय पातळ खवले असतात आणि ते उतरत्या छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक, टोकाच्या दिशेने बसवलेले असतात. घर्षणाने हे खवले उचलले जातात, त्यांच्या कडा झिजतात, शेजारचे केस त्यांत अडकून गुंता होतो, आणि टोकाकडचे आवरण पुरते झिजले म्हणजे आतला गाभा उघडा पडून केसाला फाटा फुटतो. झोपेत आपण रात्रभर कुशी बदलत असतो. मोकळे केस अशा वेळी खांद्याखाली, मानेखाली किंवा शेजारी झोपलेल्याच्या हाताखाली सापडतात, आणि आपण वळलो की तेवढीच बट मुळापासून ओढली जाते. तुमच्या कंगव्यात येणारा पुंजका त्याचा आहे.

दुसरीकडे, घट्ट वेणीने तुमच्या कानशिलांपाशी काय झाले असावे, हेही समजून घ्यायला हवे. सतत ताण पडल्यामुळे केस विरळ होण्याचा प्रकार वैद्यकशास्त्राला शंभराहून अधिक वर्षे माहीत आहे. ग्रीनलंडमधील स्त्रिया केस घट्ट ओढून बांधत आणि त्यांच्या कपाळालगतचे केस गेलेले असत, अशी नोंद 1907 सालची आहे. वर्षानुवर्षे घट्ट जुडा बांधणाऱ्या शीख पुरुषांमध्येही तो आढळतो. ताण लवकर थांबवला, तर केस पुन्हा येतात. तो अनेक वर्षे चालू राहिला, तर मुळाच्या जागी व्रण तयार होतो आणि मग तेथे केस उगवत नाही. म्हणून कानशिलांपाशी विरळपणा दिसू लागला आहे, तर एकदा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवाच. जाण्याआधी एक गोष्ट घरी पाहता येईल. गळालेला केस हातात घेऊन त्याची दोन्ही टोके उजेडात पाहावीत. एका टोकाला बारीकसा पांढरा गोळा असेल, तर तो मुळापासून सुटलेला केस आहे. असे रोज पन्नास ते शंभर केस जाणे स्वाभाविक आहे. गोळा नसेल आणि केस आखूड असेल, तर तो मधेच तुटलेला आहे, आणि रात्रीची काळजी अशाच केसांच्या उपयोगाची असते.

आता प्रत्यक्ष वेणीकडे वळू. झोपण्यापूर्वी गुंता काढावा, आणि तो काढताना टाळूपासून कंगवा ओढू नये. रुंद दातांच्या कंगव्याने आधी शेवटची वीतभर टोके मोकळी करावीत, मग थोडे वर यावे, असे करत करत मुळाशी पोहोचावे. गुंत्याच्या वरची बट दुसऱ्या हाताच्या मुठीत धरली, म्हणजे मुळाला ओढ बसत नाही. बारीक दातांची फणी या कामाला घेऊच नये. मग तीन पेडांची साधी वेणी घालावी. पहिले दोन-तीन पेड इतके सैल असावेत, की टाळू आणि वेणी यांच्यामध्ये बोट सहज जावे; मधला भाग नेहमीसारखा घातला तरी चालतो, कारण तेथे मुळाचा संबंध नसतो आणि फारच ढिला ठेवला, तर केस रात्रीतून निसटतात. टोकाशी चार बोटे केस उरले, की तेवढे वर दुमडून वेणीलाच सुती किंवा सॅटिनच्या मऊ पट्टीने बांधावेत. सर्वांत जुना आणि सर्वांत नाजूक भाग त्यामुळे झाकला जातो. साधे रबर लावू नये, आणि ज्याच्या जोडावर धातूची कडी असते, तेही टाळावे. त्या कडीत केस अडकून तुटतो. गोंडा, आकडे, चाप, क्लचर हे सगळे झोपण्यापूर्वी काढून ठेवावे. गजरासुद्धा. रात्रभर डोक्याखाली राहिलेली फुले कुजतात, त्यांचा दोरा केसांत गुंततो आणि सकाळी तो काढताना आणखी केस जातात.

वेणीची सुरुवात कोठून करावी, हे तुम्ही कशा झोपता यावर ठरवावे. उताणे झोपणारीच्या मानेमागे वेणीचा गाठोडा आला, तर मान अवघडते. तिने वेणी टाळूच्या वरच्या बाजूला सुरू करून उशीच्या पलीकडे सोडावी, किंवा एका खांद्यावरून पुढे घ्यावी. कुशीवर झोपणारीला मानेपाशी सुरू केलेली वेणी त्रास देत नाही. केस फार दाट असतील, तर दोन वेण्या घातल्याने वजन विभागले जाते. गुडघ्यापर्यंत केस असलेल्यांना वेणीसुद्धा अंगाखाली येते. त्यांनी डोक्याच्या अगदी वर सैल अंबाडा घालून तो रुंद, मऊ स्क्रंचीने धरून ठेवावा, मात्र केस पूर्ण कोरडे असतील तेव्हाच. यांपैकी कोणतीही रचना कायमची करू नये. वेणीची जागा आठवड्यातून एक-दोनदा बदलली, म्हणजे ताण एकाच ठिकाणी पडत नाही. सकाळी वेणी सोडताना टाळू दुखल्यासारखी वाटली, तर ती वेणी घट्ट होती असे समजावे. आणि जिच्यामुळे झोपच नीट लागत नाही अशी रचना, केसांसाठी ती कितीही उत्तम असली तरी, सोडून द्यावी. चांगली झोप ही केसांहून मोठी गरज आहे.

प्रश्न : रेशमी अभ्र्याने केस गळायचे थांबतात, असे जाहिरातींत वाचले. अभ्रा बराच महाग आहे. त्याच्याच शेजारी सॅटिनचा अभ्रा फार स्वस्त मिळतो. माझ्याकडे आजीची एक जुनी रेशमी साडीही आहे. काय करावे? (वाचक, ठाणे)

उत्तर : कोणत्याही अभ्र्याने केस गळणे थांबत नाही. मुळापासून होणारी गळती रक्तातील लोहाची कमतरता, थायरॉइडचे विकार, मोठा ताप, बाळंतपण, आनुवंशिकता अशा कारणांनी होते आणि तिच्यावर कापडाचा काहीही परिणाम होत नाही. गुळगुळीत अभ्र्याने कमी होते ते घर्षण, म्हणजे केसांचे तुटणे आणि गुंतणे. तेवढ्या अपेक्षेने घेतला, तर तो उपयोगी आहे.

रेशीम हा धागा आहे आणि सॅटिन ही विणण्याची पद्धत. रेशमी धाग्याचे सॅटिन असते, तसेच पॉलिएस्टरचेही असते, आणि बाजारात स्वस्त मिळते ते जवळजवळ नेहमी पॉलिएस्टरचे. केस घसरण्यापुरते पाहिले, तर तेही चांगले काम करते. फरक पडतो तो उकाड्यात. पॉलिएस्टर घाम शोषत नाही, त्यामुळे ठाण्या-मुंबईच्या एप्रिल-मे महिन्यांत गाल आणि मान चिकट होते. रेशीम अधिक सुखकारक वाटते. विकत घ्यायचेच असेल, तर कापडाचे वजन विचारावे. ते मॉमे या मापात सांगतात, एक मॉमे म्हणजे चौरस मीटरला सुमारे 4.3 ग्रॅम, आणि उशीच्या अभ्र्याला 19 ते 22 मॉमेचे रेशीम योग्य ठरते. त्याहून विरळ कापड धुण्यात लवकर जाते.

तथापि, माझे प्रामाणिक मत असे आहे, की लांब केसांच्या बाबतीत अभ्रा हा दुसरा उपाय आहे आणि वेणी हा पहिला. केस वेणीत बांधलेले असतील, तर उशीला लागतात ते फक्त टाळूवरचे आणि कपाळालगतचे. महागडा अभ्रा घेऊन केस मोकळे सोडले, तर खांद्याखाली सापडणारी बट तो अभ्रा वाचवू शकत नाही. म्हणून आधी वेणी सैल करावी, आकडे काढावेत, आणि मग पैसे खर्चण्याचा विचार करावा.

आजीच्या साडीचे कापड मात्र अवश्य वापरून पाहावे, ती साडी जपून ठेवायची नसेल तर. काठ-पदर आणि जरीचा भाग घेऊ नये. जरीची तार केसाला ओरबाडते. अंगाचा साधा भाग घ्यावा, आणि शिवण्यापूर्वी तो दोन्ही हातांनी हलकेच ताणून पाहावा, कारण फार जुने रेशीम घडीवर विरलेले असते आणि शिवल्यावर आठवड्याभरात फाटते. शिवण आतल्या बाजूला घ्यावी, बटण किंवा चेन लावू नये, उघडी बाजू दुमडून झाकावी. धुताना थंड पाणी आणि रिठे किंवा सौम्य साबण वापरावा व सावलीत वाळवावे. कपड्यांची नेहमीची धुण्याची पावडर क्षारधर्मी असते आणि रेशीम हे केसासारखेच प्रथिनांचे बनलेले असल्यामुळे ती त्याला कमकुवत करते. रेशीम नसेल, तर अनेक वर्षे धुऊन मऊ झालेल्या मलमलीच्या ओढणीचा अभ्राही नव्या, करकरीत सुती अभ्र्याहून बरा असतो.

प्रश्न : रात्रभर तेल लावून झोपणे चांगले की वाईट? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : तेल लांबीला लावावे, टाळूला बेताने. 2003 साली मुंबईच्या मॅरिको कंपनीतील संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. तीत केस धुताना आणि विंचरताना होणारी प्रथिनांची हानी फक्त खोबरेलाने कमी झालेली दिसली. ही कंपनी स्वतः खोबरेल विकते, हे लक्षात घ्यावेच. पण खोबरेलातील लॉरिक आम्लाचे रेणू लहान आणि सरळ असल्यामुळे ते केसाच्या आत शिरते, हे स्पष्टीकरण पटण्याजोगे आहे. न्हाण्याच्या आदल्या रात्री कोरड्या केसांच्या लांबीला आणि टोकांना थोडे खोबरेल चोळावे, सैल वेणी घालावी आणि उशीवर जुना सुती कपडा टाकावा, इतके पुरेसे आहे. कोंडा असलेल्यांनी मात्र टाळूवर रात्रभर तेल ठेवू नये. कोंड्याशी संबंधित बुरशी त्वचेवरील स्निग्ध पदार्थांवरच वाढते.

प्रश्न : मी परिचारिका आहे. सकाळची पाळी असते तेव्हा पहाटे निघावे लागते, म्हणून केस रात्रीच धुते. पावसाळ्यात आमच्याकडे काहीच वाळत नाही, केस तर नाहीच. ओल्या केसांचा अंबाडा घालून झोपते आणि दुसऱ्या दिवशीही तो आतून दमट असतो, वासही येतो. ओल्या केसांनी झोपले की सर्दी होते, असे आजी म्हणते. (वाचक, रत्नागिरी)

उत्तर : सर्दी विषाणूंमुळे होते, ओल्या केसांमुळे नव्हे, परंतु ओल्या केसांनी झोपू नये, हा तुमच्या आजींचा सल्ला वेगळ्या कारणाने अगदी योग्य आहे. केस आपल्या वजनाच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याइतके पाणी शोषून घेतो. पाण्यामुळे त्याच्या आतील काही बंध तात्पुरते सुटतात, तो फुगतो, कोरड्या केसापेक्षा अधिक ताणला जातो आणि लवकर तुटतो. त्यात दमट अंबाड्याखाली टाळू तासन्‌तास ओलसर आणि उबदार राहिली, की बुरशीला हवी तशी जागा मिळते आणि कोंडा, खाज, वास हे सगळे मागोमाग येतात. तुमचा अंबाडा हीच यातली सर्वांत मोठी अडचण आहे, कारण त्यात आतल्या केसांना वाळायला वावच राहत नाही.

शक्य असेल, तर न्हाणे सुट्टीच्या दिवशी दुपारी ठेवावे आणि मधल्या दिवसांत केस धुऊ नयेत. लांब केसांना रोजच्या धुण्याची आवश्यकता नसते. रात्रीच धुवायचे असेल, तर घरी आल्या आल्या धुवावेत, जेवणानंतर नव्हे. केस पिळू नयेत आणि जाड टॉवेलने खसाखसा पुसू नयेत. आपला साधा पंचा या कामाला उत्तम असतो. तो केसांभोवती गुंडाळून दाबावा, पाणी टिपले की दुसरा कोरडा पंचा घ्यावा, आणि मग केस पाठीवर पसरून पंख्याखाली बसावे. पावसाळ्यात तेवढ्याने भागले नाही, तर केस वाळवण्याचे यंत्र वापरायला घाबरू नका. दक्षिण कोरियातील संशोधकांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की यंत्र सुमारे पंधरा सेंटीमीटर दूर धरून सतत हलवत ठेवले, तर पृष्ठभागाला थोडी झळ पोहोचते. परंतु केस फार वेळ ओले राहू दिल्याने आतल्या थरांची जी हानी होते, तिच्यापेक्षा ती कमी चिंतेची असते. मध्यम उष्णता ठेवावी आणि आधी मुळे वाळवावीत. टाळू कोरडी झाली, की निम्मे काम झाले.

शेगडीवर ऊद किंवा धूप टाकून केसांना धुरी देण्याची पद्धत काही घरांत अजून आहे. तिचा सुगंध मनाला प्रसन्न करतो हे खरे, पण बंद खोलीतला निखारा आणि त्यावर झुकलेले मोकळे लांब केस ही जोडी धोक्याची आहे, आणि धुराने दम्याच्या रुग्णांना त्रास होतो. केस वाळवण्यासाठी म्हणून तिचा आधार घेऊ नये, असे मी सुचवेन.

एवढे करूनही टोकांकडे ओलसरपणा राहिला, तर अंबाडा न घालता अगदी ढिली, एकच वेणी घालावी, तिच्याखाली कोरडा पंचा पसरावा आणि ती उशीच्या वरच्या बाजूला मोकळी सोडावी.

प्रश्न : माझे बाळ तीन महिन्यांचे आहे आणि माझ्याच कुशीत झोपते. केस खूप गळू लागले आहेत. बाळाच्या मुठीत नेहमी केस सापडतात. सासूबाई म्हणतात केस कापून टाक. मला ते नको आहे. (वाचक, नाशिक)

उत्तर : केस कापायलाच हवेत असे नाही, पण ते रात्री पूर्ण बांधलेले आणि झाकलेले हवेत, आणि याचे कारण केसांपेक्षा बाळाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. आईचा गळालेला एखादा लांब केस बाळाच्या पायाच्या किंवा हाताच्या बोटाभोवती गुंडाळला जातो, बाळ हालचाल करते तसतसा आवळत जातो आणि त्या बोटाचा रक्तपुरवठा बंद करू शकतो. हे क्वचित घडते, परंतु घडते. मुलग्यांमध्ये तो जननेंद्रियाभोवतीही गुंडाळला गेल्याची उदाहरणे आहेत. बाळ काहीही केल्या रडायचे थांबत नसेल, तर मोजे आणि हातमोजे काढून प्रत्येक बोट नीट पाहावे. एखादे बोट लाल, निळसर किंवा सुजलेले दिसले आणि केस सहज निघत नसेल, तर कात्री-सुईचे प्रयोग न करता तत्काळ डॉक्टरांकडे जावे. मोजे आणि झबली धुतल्यावर उलटी करून, आत केस अडकलेला नाही ना, हे पाहण्याची सवय ठेवावी.

झोपताना सैल वेणी घालून ती डोक्यावर गुंडाळावी आणि वरून मऊ सुती रुमाल बांधावा, म्हणजे सुटलेले केस रुमालातच राहतात. मोकळी लोंबती वेणी बाळाजवळ ठेवू नये. गळतीविषयी मात्र फार काळजी करू नका. गर्भारपणात जे केस गळायचे थांबलेले असतात, ते बाळंतपणानंतर दोन ते चार महिन्यांनी एकदम सुटू लागतात, आणि बहुतेक जणींचे केस बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत पूर्ववत होतात. त्यानंतरही गळती चालू राहिली, तर रक्त तपासून घ्यावे.

प्रश्न : माझ्या सासूबाई पक्षाघातामुळे चार महिन्यांपासून अंथरुणावर आहेत. त्यांचे पांढरे केस पाठभर लांब आहेत आणि त्यांना ते फार प्रिय आहेत. मानेमागे केसांचा घट्ट गोळा झाला आहे, तो सुटत नाही. घरातील एक वडीलधारे नातेवाईक म्हणतात, की ही जट आहे, तिला कात्री लावायची नाही. मला काय करावे ते कळत नाही. (वाचक, सोलापूर)

उत्तर : या सगळ्या पत्रांमध्ये तुमच्या पत्राने मन सर्वाधिक गुंतवले. सासूबाईंचे केस त्यांना प्रिय आहेत, हे तुम्ही आवर्जून लिहिले आहे, आणि त्यांची काळजी घेताना तुम्ही तेही जपू पाहता, याचे मोल फार आहे.

उताणे पडून राहिलेल्या माणसाचे डोके उशीवर एकाच जागी घासत राहते. घाम, तेल आणि उष्णता यांनी तेथील केस एकमेकांत अडकतात, रोज विंचरणे झाले नाही, की त्यांचा आधी गुंता होतो आणि मग नमद्यासारखा गोळा. जट तयार होण्याची रीत हीच आहे. त्यात दैवी असे काही नाही. जट म्हणजे देवीचे बोलावणे, ती कापली तर कोप होतो, या समजुतीपायी महाराष्ट्रात आणि कर्नाटकाच्या सीमाभागात असंख्य स्त्रियांनी वर्षानुवर्षे मानदुखी, उवा आणि जखमा सोसल्या आहेत. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते अशा स्त्रियांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना विश्वासात घेऊन, समजावून जट काढून देण्याचे काम अनेक वर्षे करत आले आहेत. तुमच्या नातेवाइकांशी बोलणे अवघड वाटत असेल, तर त्यांची मदत घेता येईल. बोलताना वाद घालण्यापेक्षा, आईंच्या मानेला इजा होऊ नये म्हणून हे करतो आहोत, असे सांगितले तर ते ऐकतील, असे मला वाटते.

गोळा चार महिन्यांचाच असल्यामुळे तो न कापता सुटण्याची शक्यता आहे. त्यावर भरपूर कोमट खोबरेल किंवा कंडिशनर लावून अर्धा तास थांबावे. मग कंगवा न घेता बोटांनीच, कडेने, चार-चार केस वेगळे करत आत जावे. दुसऱ्या हाताने मुळाकडील भाग दाबून धरावा. हे एका बैठकीत पूर्ण करण्याचा हट्ट धरू नये. त्यांना थकवा येण्याआधी थांबावे आणि दुसऱ्या दिवशी पुढे सुरू करावे. ज्या बाजूला संवेदना कमी आहे, तेथे ओढ बसली तरी त्यांना कळणार नाही, म्हणून त्या बाजूला विशेष हळुवार असावे. गोळ्याखालची त्वचा लाल, ओली किंवा जखम झालेली दिसली, तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये. शेवटी अगदी आतला गाभा सुटलाच नाही, तर त्यांना सांगून, त्यांच्या संमतीने तेवढाच भाग कापावा. त्यांना बोलता येत नसेल, तरी विचारावे. खुणेने होकार देता येतो.

यापुढे मागे एक वेणी घालू नये. मधोमध भांग पाडून कानांच्या वर, दोन्ही बाजूंना दोन सैल वेण्या घालाव्यात आणि त्या छातीवर पुढे घ्याव्यात. रुग्णालयांतही अंथरुणाला खिळलेल्या लांब केसांच्या स्त्रियांना अशाच वेण्या घालतात, कारण डोक्याच्या मागच्या भागावर सतत दाब पडल्यास तेथेही जखम होऊ शकते, आणि वेणीची गाठ, आकडा किंवा रबर तो दाब वाढवते. कूस बदलताना डोक्याची दिशाही बदलावी, मऊ अभ्रा वापरावा, तो घामेजला की लगेच बदलावा, आणि वेण्या रोज सोडून, विंचरून पुन्हा घालाव्यात. मेंदूच्या आजारातून उठणाऱ्या माणसाला असा रोजचा स्पर्शही आधार देतो.

प्रश्न : मी लंडनला शिकते. इथे झोपताना घालायच्या सॅटिनच्या टोप्या सर्वत्र मिळतात. माझे केस सरळ आणि कमरेपर्यंत आहेत. त्या घ्याव्यात का? (विद्यार्थिनी)

उत्तर : या टोप्या आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांच्या परंपरेतून आलेल्या आहेत आणि त्यांच्या दाट, कुरळ्या, लवकर कोरड्या पडणाऱ्या केसांसाठी त्या अतिशय विचारपूर्वक बनवलेल्या असतात. सरळ, जड केस त्यांतून रात्री घसरून बाहेर येतात. घ्यायचीच झाली, तर वेणी घालून मगच टोपी घालावी, आणि तिचे इलॅस्टिक कपाळावर वळ उठवणार नाही इतके सैल असावे. तुमच्याकडे हिवाळ्यात खोल्या तापवल्यामुळे हवा कोरडी होते आणि केस उभे राहतात. झोपण्यापूर्वी टोकांना तेलाचे एक-दोन थेंब लावले, तर हा त्रास कमी होईल.

प्रश्न : मी नववीत आहे. शाळेत दोन वेण्या वर दुमडून रिबिनीने बांधाव्या लागतात. शाळा, मग क्लास, मग अभ्यास, त्यामुळे त्याच वेण्यांवर झोपून जाते. सकाळी आई त्यावरूनच हात फिरवून देते. चालेल का? (वाचक, जळगाव)

उत्तर : नको गं, तेवढे एक काम रात्री करच. तुझ्या शाळेच्या वेण्या दिवसभर टिकाव्यात म्हणून घट्ट घातलेल्या असतात आणि दुमडल्यामुळे सगळे वजन कानामागच्या केसांवर येते. तो ताण दिवसा सोसावा लागतो, रात्री तरी त्याला सुट्टी दे. क्लासहून घरी आलीस, की हातपाय धुताना रिबिनी सोड, पाच मिनिटे केस मोकळे ठेव आणि टाळूवरून बोटे फिरव. झोपण्याआधी डोळ्यांवर झोप आलेली असते, म्हणून वेणीचे काम अभ्यासाला बसण्यापूर्वीच उरक. एक सैल वेणी घातलीस, की तशीच झोपता येते. रिबीन न घालता जुन्या सुती ओढणीची पट्टी बांध. वर्गात उवा झाल्याचे कळले, तर त्या आठवड्यात रात्री वेणी घालण्याआधी फणी फिरवून घे आणि मैत्रिणींबरोबर कंगवा, रिबीन किंवा उशी वाटून घेऊ नकोस. आईला सकाळी वेळ नसतो हे मला समजते. रात्री गुंता काढून ठेवलास, तर तिलाही सकाळी वेणी घालायला निम्माच वेळ लागेल.